५० लाखांची 'स्पोर्टी' एसयूव्ही आणि आपली वाडी

मंडळी, थेट मुद्द्यावर येतो. सव्वा-दीड लिटरचं इंजिन, पुढे जर्मन लोगो, 'स्पोर्टी' म्हणून विकली जाणारी आणि एक्स-शोरूम ५० लाखांच्या आगेमागे असलेली एसयूव्ही रायगडच्या किनाऱ्यावर राहणाऱ्या माणसाने घ्यावी का? माझं उत्तर आहे, नाही. आणि वाडी किंवा शेत विकून घेणार असाल तर तीन वेळा नाही.

पोस्ट मोठी आहे, आकडे आहेत. घाई असेल तर सेव्ह करा आणि रात्री निवांत वाचा. पण वाचल्याशिवाय खाली 'जळतोय हा' असं लिहू नका.

आधी गाडी काय आहे ते बघू. उदाहरण म्हणून मर्सिडीजची जीएलए २०० घ्या, कारण मांडव्यापासून रेवदंड्यापर्यंत पोरांच्या तोंडी हेच नाव जास्त असतं. इंजिन १३३२ सीसी, म्हणजे १.३ लिटर. ताकद १६३ पीएस, टॉर्क २७० एनएम. दुसरी बीएमडब्ल्यूची एक्स१ पेट्रोल. तिचं इंजिन १४९९ सीसी, तीन सिलेंडरचं, ताकद १३६ पीएस. दोन्ही गाड्यांत ताकद फक्त पुढच्या चाकांना जाते. एक्स१ च्या मागे 'एस-ड्राइव्ह' लिहिलेलं असतं, त्यातला 'एस' पोरांना स्पोर्टचा वाटतो. या गाडीत त्याचा अर्थ एवढाच, की चारही चाकं ओढत नाहीत.

आता हे बघा. ऑगस्ट २०२० मध्ये रेनॉने डस्टरमध्ये १.३ लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन दिलं, १५६ पीएस आणि २५४ एनएम. त्या इंजिनाची डस्टर एक्स-शोरूम १०.४९ लाखांपासून सुरू होत होती. नऊ महिन्यांनी, मे २०२१ मध्ये, नवी जीएलए भारतात आली ४२.१० लाखांपासून. तिच्या २०० मॉडेलमधलं १.३ लिटरचं इंजिन त्याच घराण्यातलं, कारण ते रेनॉ-निस्सान आणि मर्सिडीजच्या मूळ कंपनीने मिळूनच बनवलेलं आहे. मी दोन्ही गाड्या सारख्या म्हणत नाही. गिअरबॉक्स वेगळा, सांगाडा वेगळा, आतली शांतता वेगळी, सीटवर बसल्यावर फरक कळतोच. पण 'मर्सिडीजचं इंजिन आहे भावा, इंजिनाची गोष्टच वेगळी' हे वाक्य नाक्यावर ऐकलं की मला ती डस्टर आठवते. आपल्याकडे ती गाडी कितीतरी मास्तरांनी आणि इन्शुरन्सवाल्यांनी वापरली, कुणी हार घालून तिची रील काढली नाही.

'स्पोर्टी' म्हणजे किती स्पोर्टी? जीएलए २०० शून्यापासून १०० चा वेग साधारण ९ सेकंदांत गाठते. ह्युंदाई क्रेटाची एन लाइन घ्या. १.५ लिटर टर्बो, १६० पीएस, आणि तीही १०० ला साधारण ९ सेकंदांतच पोचते. किंमत २० लाखांच्या आसपास. महिंद्राची एक्सयूव्ही७०० डिझेल ऑटोमॅटिक घेतली तर १८५ पीएस आणि ४५० एनएम, शिवाय चारही चाकं ओढणारं मॉडेल, किंमत २५ लाखांच्या आसपास होती. ४५० आणि २७० मधला फरक घरचे पाच-सहा जण, गणपतीचं सामान आणि तांदळाचं पोतं घेऊन कार्लेखिंड चढताना आपोआप समजतो.

मग कंपन्या एवढ्या महागड्या गाडीत एवढं लहान इंजिन घालतात कशाला? युरोपात धुराचे नियम कडक आहेत, हे एक कारण. आपल्या देशात त्याला कराचंही कारण होतं. २२ सप्टेंबर २०२५ पर्यंत चार मीटरपेक्षा लांब, १५०० सीसीपेक्षा मोठी आणि जमिनीपासून १७० मिमी उंच गाडी करासाठी 'एसयूव्ही' धरली जायची. तिच्यावर २८ टक्के जीएसटी आणि २२ टक्के सेस, मिळून ५०. इंजिन १५०० सीसीच्या आत बसलं की पेट्रोल गाडीचा सेस १७ टक्क्यांवर यायचा, म्हणजे एकूण ४५. गंमत बघा, शोरूमवाला जिला छाती ठोकून एसयूव्ही म्हणायचा ती सरकारी कागदावर एसयूव्ही नव्हतीच. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो घोळ संपला. आता १.३ लिटरची जीएलए असो की तीन लिटरची धिप्पाड गाडी, ४० टक्के सरसकट. छोट्या इंजिनाला करात जी सवलत होती तीही गेली. उरली काय? किंमत आणि लोगो.

आता हिशोब करू. आकडे गोल धरतो.

एक्स-शोरूम ५० लाख. त्यात ४० टक्क्यांच्या हिशोबाने जीएसटी झाला जवळपास १४ लाख २८ हजार. म्हणजे यंत्र, पत्रा, काच, कातडं आणि कंपनी-डीलरचा नफा धरून गाडी पावणेछत्तीस लाखांची. त्यावर महाराष्ट्रात २० लाखांवरच्या पेट्रोल गाडीला आरटीओचा एकरकमी कर १३ टक्के, तोही जीएसटी धरून झालेल्या किमतीवर. साडेसहा लाख. सरकारकडे गेले २० लाख ७८ हजार. इन्शुरन्स आणि किरकोळ खर्च धरा, ५८-५९ लाखांना गाडी दारात येते.

या २१ लाखांच्या बदल्यात आपल्याला रस्ता कुठला मिळतो? मुंबई-गोवा महामार्गाच्या पनवेल ते इंदापूर या ८४ किलोमीटरच्या रुंदीकरणाला २०११ मध्ये सुरुवात झाली. त्या वर्षी पहिलीत गेलेला पोरगा बारावी पास होऊन मतदार झाला, तरी आपण वडखळ, पेण, नागोठण्याच्या नावाने बोटं मोडतच राहिलो. वडखळ ते अलिबाग हा आपला हक्काचा रस्ता. कागदावर राष्ट्रीय महामार्ग १६६ अ. प्रत्यक्षात दुपदरी, पुढे कोळशाचा डंपर, मागे लालपरी, मध्ये पोयनाडचा बाजार. पावसाळ्यात खड्डा किती खोल आहे हे पाण्याखाली दिसत नाही. रुंद अलॉय आणि कडेला पातळ रबर असलेल्या 'स्पोर्टी' टायरचं तिथे काय होतं, ते टायरवाल्याला विचारा. तो हसतो आधी, मग बिल करतो.

कुणी म्हणेल, अटल सेतू आहे ना! आहे. १२ जानेवारी २०२४ ला सुरू झाला, २१.८ किलोमीटर, रस्ता झकास. पण तिथेही कारला वेगाची मर्यादा १०० आहे. १०० ला क्रेटाही जाते, टाकाऊ इंडिकाही जायची. रो-रोने गेलात तर मांडव्यापासून भाऊच्या धक्क्यापर्यंत तासभर तुमची मर्सिडीज आणि शेजारची वॅगनआर एकाच वेगाने जातात.

आणि किनाऱ्यावरची आणखी एक गोष्ट शहरातले कार-रिव्ह्यूवाले सांगत नाहीत. आपल्याकडे हवेत मीठ आहे. घराच्या खिडकीचे गज इथे दर दोन-तीन वर्षांनी रंगवावे लागतात, नाहीतर पापुद्रे सुटतात. ती हवा ५० लाखांच्या गाडीला वेगळी वागणूक देत नाही. तळाला, ब्रेकला, इलेक्ट्रिकच्या जोडांना ती लागतेच. अशा गाडीत सेन्सर जितके जास्त तितक्या डॅशबोर्डवर दिवे लागण्याच्या जागा जास्त. दिवा लागला की आपल्या नाक्यावरचा मेस्त्री हात लावत नाही, त्याच्याकडे त्या गाडीचं कॉम्प्युटर नसतं. मग नवी मुंबई किंवा मुंबई गाठा. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूडवाल्याचा त्यात अख्खा दिवस जातो, आणि गाडी ठेवून यावी लागली तर परत यायला एसटी आहेच.

वाळूचं तर बोलायलाच नको. दर शनिवार-रविवारी कुठल्या ना कुठल्या किनाऱ्यावर एखादी चकचकीत एसयूव्ही रुतलेली असते. मालक पाहुणा असतो, त्याला वाटतं एसयूव्ही म्हणजे वाळूत चालणारच. भरती वर चढते आणि मग कोळीवाड्यातून ट्रॅक्टर बोलवावा लागतो. पुढची दोनच चाकं ओढणाऱ्या गाडीला ओल्या वाळूत लोगो कामाला येत नाही.

आता विकायच्या वेळेचं बोलू. इन्शुरन्स कंपन्या गाडीची किंमत कशी कमी धरत जातात त्याचा सगळ्यांना माहीत असलेला तक्ता आहे: सहा महिन्यांत ५ टक्के, वर्षभरात १५, दोन वर्षांत २०, तीन वर्षांत ३०, चार वर्षांत ४० आणि पाच वर्षांत ५० टक्के. म्हणजे पाच वर्षांनी तुमची ५० लाखांची गाडी कागदावर २५ लाखांची. बाजारात लक्झरी गाडीला तेवढेही मिळतील याची खात्री नाही, कारण वॉरंटी संपलेली जर्मन गाडी घ्यायला गिऱ्हाईक घाबरतं. पण २५ धरू. ५९ देऊन २५ आले. ३४ लाख गेले ६० महिन्यांत, म्हणजे महिन्याला ५६-५७ हजार. यात पेट्रोल नाही, टायर नाही, सर्व्हिस नाही, दरवर्षीचा इन्शुरन्स नाही. नुसती दारात उभी करून ठेवलीत तरी हा आकडा जातो. ज्या घरात महिन्याला ५६ हजार पगार येतो ते घर आपल्याकडे सुखवस्तू समजतात.

कर्ज काढून घेतली तर? ४० लाख, ९ टक्के, सात वर्षं. हप्ता ६४ हजारांच्या वर, आणि एकूण व्याज १४ लाख.

इथपर्यंत गाडीचा हिशोब झाला. आता ज्यासाठी लिहायला बसलो ते.

मुंबईचा बंगलेवाला हीच गाडी घेतो तेव्हा त्याच्यासाठी हा वेगळा व्यवहार असतो. बऱ्याचदा गाडी कंपनीच्या नावावर असते. त्याला आरटीओचा कर जास्त पडतो, २० टक्के. पण धंद्याच्या हिशोबात तो गाडीवर वर्षाला १५ टक्के घसारा दाखवतो, सर्व्हिस आणि इन्शुरन्स खर्चात टाकतो, त्याचा आयकर तेवढा कमी होतो. गाडी तीन वर्षांनी जुनी वाटली की बदलतो. त्याच्या एकूण मालमत्तेत ती गाडी म्हणजे आपल्या घरातली शिलाई मशीन.

आपल्या पोराचं तसं नाही. त्याच्या नावावर कंपनी नाही, घसारा दाखवायला धंदा नाही. आहे तो सातबारा. नगरपालिकेच्या हद्दीपासून कायद्याने ठरवलेल्या अंतराच्या बाहेर असलेली गावची शेतजमीन विकली तर भांडवली नफ्यावर आयकर लागत नाही, हे दलाल त्याला आवर्जून सांगतो. खरं आहे ते. पण मग त्याच पैशातून ही गाडी घेतली की जमिनीवर न लागलेला कर गाडीवर लागतो, २१ लाख, पहिल्याच दिवशी. हे दलाल सांगत नाही. गुंठ्याला दहा लाख भाव आला असं धरलं तर सहा गुंठे वाडी गेली. त्यातले दोन गुंठे नुसत्या करात गेले. पाच वर्षांनी साडेतीन गुंठे हवेत, आणि उरलेले अडीच गुंठे अंगणात उभे, त्यांनाही गंज चढतोय. जमीन मात्र ज्याने घेतली त्याच्याकडे सहाच्या सहा गुंठे आहे, कंपाउंडच्या आत.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूडच्या वाड्या आडव्या झाल्या. वर्षानुवर्षं उभ्या असलेल्या पोफळी एका दुपारी मोडल्या. सुपारीचं रोप फळाला यायला सहा-सात वर्षं लागतात. ज्यांनी त्या पावसाळ्यात पुन्हा रोपं लावली, त्यांच्या पोफळी आत्ता कुठे धरायला लागल्या आहेत. आणि नेमक्या याच वेळी दलालांचे फोन जास्त येतात. रोठा सुपारीची बाग सात वर्षं सांभाळून पहिला घड दिसायच्या वेळी विकायची, आणि त्या पैशात सात वर्षांनी भंगाराच्या भावात जाणारी वस्तू घ्यायची! माझ्या आजीच्या भाषेत याला 'अंगात येणं' म्हणतात.

पोयनाडच्या पलीकडे चरी आहे. १९३३ ते १९३९, सहा वर्षं, नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली तिथल्या २५ गावांनी खोतांविरुद्ध संप केला. शेत पिकवलं नाही, उपास काढले, जंगलातली लाकडं विकून दिवस ढकलले, पण हटले नाहीत. ज्या कुळांनी हे केलं त्यांच्या नावावर तेव्हा जमीनही नव्हती. त्यांच्या पणतवांच्या नावावर आज ती आहे. त्यांची कार त्याच चरीच्या फाट्यावरून जाते, डंपरच्या मागे, तिसऱ्या गिअरमध्ये.

आता तुमचं म्हणणं. मला माहीत आहे काय लिहाल ते. 'मर्सिडीज काय फक्त मलबार हिलवाल्यांनीच चालवायची? आगरी-कोळ्याच्या पोराने टेम्पोच चालवायचा का?'

हा प्रश्न खरा आहे आणि याला मी हसत नाही. ज्या जमिनीवर आजोबा भात लावायचे त्या जमिनीच्या गेटवर आज सिक्युरिटी नातवाला विचारतो, 'किधर जाना है?' तोच नातू काळ्या जर्मन गाडीतून आला की सलाम ठोकून गेट उघडतो. हा अपमान ज्याने सोसला नाही त्याने साधेपणाचे धडे देऊ नयेत. गाडी त्या सलामासाठी घेतली जाते, इंजिनासाठी नव्हे. १.३ लिटर की ३ लिटर, त्याला फरक पडत नाही. कंपन्यांनाही हे पक्कं ठाऊक आहे, म्हणून तर इंजिन लहान करून लोगो तेवढाच मोठा ठेवलेला आहे. पण भावा, गेट उघडलं तरी गेटच्या आतली जमीन परत तुझी होत नाही. सलाम वॉरंटीएवढाच टिकतो. त्याच ५९ लाखांत चार खोल्यांचं होम-स्टे उभं राहतं, किंवा बोटीला नवीन इंजिन आणि बर्फाचा कारखाना. नुसते बँकेत ७ टक्क्यांनी ठेवलेस तरी महिन्याला ३४ हजार येतात. आणि फिरायला २०-२२ लाखांची चांगली गाडी घे ना, कोण नको म्हणतंय! मीही गाडीवेडा आहे. बैलगाडा शर्यतीवरची बंदी उठली तेव्हा किनाऱ्यावर ओरडून घसा बसवून घेणाऱ्यांत मी होतो. शौकाला माझा विरोध नाही. शर्यतीच्या बैलावर लाख उधळणारा माणूस निदान बैलाचे पाय तपासून घेतो.

'सेफ्टी बघ की!' हेही येईल. बरोबर, जर्मन गाडी सुरक्षित असते. पण एक्सयूव्ही७०० ला ग्लोबल एनकॅपमध्ये पाच स्टार आहेत, टाटाच्या हॅरियर-सफारीलाही पाच स्टार आहेत, एअरबॅगही सहा-सात. सुरक्षिततेसाठी जास्तीचे ३५ लाख मोजायची गरज आता राहिलेली नाही. २०१० साली हा मुद्दा चालला असता.

कुणी घ्यावी मग? एखाद्या डॉक्टरचा किंवा हॉटेलवाल्याचा धंदा जोरात आहे, आठवड्याला मुंबईची फेरी आहे, गाडीचे पैसे वर्षभराच्या कमाईतून निघताहेत, त्याने खुशाल घ्यावी. त्यातही अक्कल असेल तर तीन वर्षं जुनी, एका मालकाची, कंपनीच्या शोरूममधून वॉरंटीसकट घ्यावी. पहिला मोठा फटका दुसऱ्याने खाल्लेला असतो. ज्याला जमीन, दागिने किंवा आईच्या नावची एफडी मोडावी लागते त्याच्यासाठी ही गाडी नाही. तिची पाच लाख सूट दिली तरी नाही. शोरूमवाला दिवाळीला सूट देतो आणि पोरं त्याच्या रील टाकतात म्हणून मुद्दाम सांगतोय.

तरीही घ्यायचीच ठरवली असेल तर शोरूममध्ये जाऊन तीन गोष्टी लेखी मागा. एक, पाच वर्षांनी तुम्ही ही गाडी किती रुपयांना परत घ्याल. दोन, एक टायर, पुढची काच आणि एक हेडलाइट, प्रत्येकाची किंमत. तीन, वॉरंटी संपल्यावर दोन वर्षं वाढवायला किती पडतात. सेल्समन कॉफी पाजेल, पण कागद हातात येईपर्यंत उठू नका. आणि टेस्ट ड्राइव्ह पाम बीच रोडवर घेऊ नका. गाडी इकडे मागवा, घरच्या चार माणसांना बसवा आणि भर पावसात वडखळ ते अलिबाग चालवून बघा. दुसऱ्या दिवशी त्याच रस्त्यावर कुणाची तरी क्रेटा किंवा एक्सयूव्ही मागून घ्या, आणि मागे बसलेल्या आईला विचारा, कालच्यापेक्षा किती धक्के जास्त बसले.

वाडीचा विसार अजून घेतला नसेल तर ही चक्कर आधी मारा. दलालाला सांगा, पाऊस पडू दे, मग बोलू.